टिटवीपासून पन्नास फूट

"हे कारस्थान आहे," गजेंद्रराव खानविलकर ओट्यावरून कडाडले. "उघड उघड कारस्थान!"

"कुणाचं? टिटवीचं?" वसुंधराबाईंनी स्वयंपाकघरातूनच विचारलं.

अंगणात नव्या कोऱ्या खडीवर एक टिटवी बसली होती. तिने गजेंद्ररावांकडे पाहिलं, जरा उठून पिसं सारखी केली, तेव्हा खालची चार ठिपकेदार अंडी दिसली, आणि ती पुन्हा बसली. आपल्या घरात परका माणूस आल्यावर घरमालकीण जशी बघते तशी तिची नजर होती.

खडी गजेंद्ररावांनीच आणवली होती. वीस दिवसांनी त्यांच्या मुलीचा, अवंतीचा साखरपुडा याच अंगणात व्हायचा होता. व्याही दिनकरराव बडोद्याचे. त्यांच्या मनात एअर कंडिशन्ड हॉल होता. "हॉल कसला? निसर्गाच्या कुशीत करू!" असं गजेंद्ररावांनी त्यांना ठणकावलं होतं. पाहुण्यांच्या खुर्च्या मातीत रुतू नयेत म्हणून खडी पसरून घेतली आणि मग नवराबायको पंधरा दिवस साड्यांच्या खरेदीला बडोद्याला मेहुणीकडे जाऊन राहिले. टिटवीला उघडी, खडबडीत, निवांत जागा लागते. तिला याहून चांगलं अंगण अख्ख्या सावली गावात मिळालं नसतं.

"अंडी उचलून मागच्या शेतात ठेवतो," गजेंद्रराव म्हणाले.

"ठेवा," वसुंधराबाई हात पुसत बाहेर आल्या. "आणि मग मंडळाला काय सांगणार?"

गजेंद्रराव चपापले. सावली निसर्गरक्षक मंडळाचे संस्थापक आणि प्रमुख तेच होते. रिफायनरीतून सेफ्टी ऑफिसर म्हणून निवृत्त झाल्यावर ते सावलीला राहायला आले, आणि तीस वर्षं टाक्यांभोवती दोऱ्या बांधणारे हात स्वस्थ बसेनात. त्यांनी तळ्याला दोरी बांधली, केसुड्याच्या म्हणजे पळसाच्या झाडांना बांधली, सुगरणींच्या बाभळीला बांधली. दर रविवारी तळ्यातला गाळ आणि प्लास्टिक काढणारी पंधरा माणसं त्यांनी जमवली, हे कुणीही नाकबूल करणार नाही. पण त्यांचा खरा जीव नियमावलीत होता. तिच्यातला तिसरा नियम असा: जमिनीवरच्या कुठल्याही घरट्यापासून पन्नास फुटांच्या आत मंडप, वाहन, वाद्य अथवा मनुष्य येता कामा नये.

हा नियम गेल्या वैशाखात झाला, तोही शेजारच्या जयंतीभाईंसाठी. जयंतीभाईंच्या मुलीचं लग्न होतं, आणि त्यांच्या प्लॉटवर टिटवीने अंडी घातली होती. मंडपाचा एक खांब अडतीस फुटांवर आला. गजेंद्ररावांनी टेप लावून तो दाखवला, मंडप उखडायला लावला, आणि वर नव्या व्याह्यांदेखत जयंतीभाईंकडून माफीनामा वाचून घेतला. माफीनाम्याचा मजकूर गजेंद्ररावांनी स्वतः लिहिला होता आणि तो त्यांना अजूनही फार आवडायचा.

"गजेंद्रभाई!" तेवढ्यात भिंतीवरून जयंतीभाईंचं डोकं वर आलं. "अभिनंदन! तुमच्याकडे तर पाळणा हलला!"

जयंतीभाई बडोद्याला मराठी शेजारात वाढलेले, त्यामुळे ते मराठी बोलत. राग आला की गुजराती आणि आनंद झाला की दोन्ही. आज दोन्ही चाललं होतं.

"चार ईंडां! चारे महिना वरसाद!" ते मागे वळून ओरडले. "ए, सगळे या! बघायला या!"

टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस सांगायची त्या भागात जुनी रीत. अंडी किती, उंचावर की खोलगटात, टोकं वर की खाली. अर्ध्या तासात भिंतीवर अकरा माणसं बसली. कुणी म्हणालं कपाशी लावा, कुणी म्हणालं एरंडा. गजेंद्रराव त्यांना हाकलायला पुढे झाले.

"साहेब, धीमे बोला," एक म्हातारा म्हणाला. "बाई बसली आहे."

संध्याकाळी मंडळाचा सेक्रेटरी केयूर दोरी, लाल फिती आणि टेप घेऊन आला. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा हा सरळ मुलगा गजेंद्ररावांना गुरू मानत असे. तेच त्यांना आता महागात पडणार होतं.

"काका, तुमचा दरवाजा बावीस फुटांवर येतोय," तो टेप गुंडाळत म्हणाला. "फाटक एकोणीस. दिवाणखान्यातला सोफासुद्धा आत येतो."

"म्हणजे मी माझ्या सोफ्यावर बसायचं नाही?"

"नियमात 'मनुष्य' लिहिलंय, काका."

"घरात राहणाऱ्या माणसाला सूट असणारच!"

"सूट नाही. 'कुणाचीही गय केली जाणार नाही' असं आहे."

"हे असलं आडमुठं वाक्य लिहिलं कुणी?"

केयूरने अदबीने मान खाली घातली. "तुम्ही."

दुसऱ्या दिवसापासून खानविलकर दांपत्य मागच्या दाराने, म्हशींच्या वाटेने, तारेखालून वाकून ये-जा करू लागलं. गाडी फाटकाच्या आत अडकली. दूधवाला भिंतीवरून पिशवी फेकू लागला. बाहेर चैत्र ऐन रंगात होता. कडुनिंब मोहरला होता, कोकिळा ओरडून ओरडून बेजार झाली होती. गजेंद्रराव हे सगळं न्हाणीघराच्या खिडकीतून बघत, कारण पन्नास फुटांच्या बाहेर तेवढीच एक खिडकी उरली होती.

"माझ्या पैशाची खडी, माझं अंगण, माझी मुलगी!" ते तिथून गर्जत. "आणि मी नजरकैदेत!"

"गेल्या वर्षी जयंतीभाई हेच म्हणत होते," वसुंधराबाई म्हणाल्या.

"त्यांची गोष्ट वेगळी होती."

"कशी?"

गजेंद्ररावांनी तारेखालून वाकताना फाटलेला सदरा दाखवून विषय बदलला.

माणूस नडला की कुठल्या थराला जाईल सांगता येत नाही. एका दुपारी निसर्गरक्षक मंडळाच्या प्रमुखांनी लांब काठीने स्वतःच्या फाटकाची कडी काढली आणि गल्लीतल्या भुऱ्या कुत्र्याला आत यायला वाट करून दिली. मग ते न्हाणीघरात जाऊन डोळे मिटून बसले. त्यांची त्यांनाच लाज वाटत होती. पण टिटवीने कुत्र्याच्या डोक्यावर असे काही सूर मारले, की ते केकाटत पळालं आणि तीन दिवस गल्लीत फिरकलं नाही. भिंतीवरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. गजेंद्ररावांना एकाच वेळी हायसं वाटलं आणि संतापही आला.

"काका, आज अंडी सापडली म्हणजे अठ्ठावीस दिवस धरा," केयूरने पहिल्याच दिवशी हिशेब मांडला होता. साखरपुडा विसाव्या दिवशी. दिनकररावांचा रोज फोन येई: "हॉल अजून मिळतोय, बरं का!" गजेंद्रराव "निसर्गाची कूस तयार आहे" म्हणून फोन ठेवत आणि घाम पुसत. हॉल घेणं म्हणजे व्याह्यापुढे हरणं. नियम मोडणं म्हणजे सावलीपुढे हरणं. आठवडा उरला तेव्हा अवंती बडोद्याहून फोनवर रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही कुठेतरी करा. फक्त टिटवीला विचारून करा."

त्याच संध्याकाळी जयंतीभाई भिंतीवर आले. "माझा प्लॉट घ्या ना. मी टेप लावून पाहिला, साठ फूट भरतात. छोकरीचा सोहळा आहे, गजेंद्रभाई. तो अडता कामा नये."

गजेंद्ररावांचा चेहरा लालबुंद झाला. ज्या जागेवरून त्यांनी मंडप उखडला, तिथेच स्वतःचा मंडप घालायचा? "मी विचार करून—"

"घेतला!" वसुंधराबाई मागून म्हणाल्या. "जयंतीभाई, तुमचे उपकार झाले."

साखरपुड्याचा दिवस उजाडला. मंडप झकास सजला. एका कोपऱ्यात लांब टेबलावर श्रीखंडाची पातेली, पुऱ्या, बटाट्याची भाजी मांडून झाली. दिनकरराव खांब बघत म्हणाले, "कूस छान आहे. तुमचीच का?" गजेंद्ररावांनी फेटा नीट करत ऐकू न आल्यासारखं केलं. अंगठ्या घातल्या गेल्या, टाळ्या पडल्या, पेढे फिरले, आणि नेमक्या त्याच वेळी मंडपावर टिटवीचा कल्ला सुरू झाला.

अंडी सापडली त्या दिवशीच आठ दिवस उबलेली असणार. भिंतीखालच्या मोरीतून चार पिल्लं बाहेर पडली. काड्यांवर ठेवलेल्या कापसाच्या बोळ्यांसारखी ती तुरुतुरु मंडपात शिरली, आणि उन्हाला कंटाळून थेट श्रीखंडाच्या टेबलाखाली सावलीत जाऊन बसली.

गजेंद्ररावांच्या डोक्यात वीज चमकली. पिल्लं इथे, म्हणजे अंगण मोकळं!

"नियम म्हणजे नियम!" ते खुर्चीवर चढून गरजले. वीस दिवसांचा कोंडलेला आवाज होता तो. "पिल्लांपासून पन्नास फूट! मंडप रिकामा करा! सगळे माझ्या अंगणात चला!"

दीडशे माणसं खुर्च्या उचलून खडीवर आली. गजेंद्रराव आपल्या ओट्यावर विजयी मुद्रेने उभे राहिले. "पाहिलंत दिनकरराव? ही आमची कूस!"

"फार सुंदर," दिनकरराव म्हणाले. "आणि जेवण?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. मंडपात चिटपाखरू नव्हतं; म्हणजे पाखरं तेवढी होती. नर आणि मादी टेबलापुढे पहारा देत फिरत होती.

"केयूर," गजेंद्रराव हळूच म्हणाले, "नियम घरट्याचा आहे. पिल्लांबद्दल त्यात काही नाही."

"आहे, काका. 'अथवा पिल्ले'. तुम्ही मागाहून हाताने घातलंय. आणि मघाशी खुर्चीवरून तुम्हीच म्हणालात."

पाऊण तास गेला. दिनकररावांच्या थोरल्या बहिणीला साखरेचा त्रास. त्या पदराने वारा घेऊ लागल्या. अवंतीने बापाकडे एकदाच पाहिलं. गजेंद्रराव ओट्यावरून उतरले, चपला काढल्या आणि केयूरने एव्हाना बांधलेल्या दोरीखालून वाकून मंडपात गेले.

भुऱ्या कुत्र्याची जी गत झाली तीच प्रमुखांची झाली. पहिल्या झडपेत फेटा गेला. दुसरीत चष्मा. तिसरीला ते पातेलं छातीशी धरून बसकण मारून बसले. पण पिल्लांवर पाय पडू दिला नाही. पाच खेपांत सगळं जेवण आलं. शेवटच्या खेपेला टकलावर दोन ओरखडे होते आणि एका कानात श्रीखंड.

पाहुणे पानांवर बसले. केयूर वही घेऊन समोर उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, पण त्याने वहीतून एक कागद काढून पुढे केला.

"काका, नियम तीनचं उल्लंघन. माफीनामा चारचौघांत वाचायचा असतो."

गजेंद्ररावांनी कागद हातात घेतला. चष्मा टिटवीच्या ताब्यात. अक्षरं मुंग्यांसारखी पळत होती.

"मी, खाली सही करणार," त्यांनी आठवून सुरुवात केली, "आनंदाच्या भरात निसर्गाचं भान विसरून..." आणि ते अडकले.

जयंतीभाईंनी पुरीचा घास खाली ठेवला, पाण्याने घसा साफ केला, आणि वर्षभर एकही शब्द न विसरलेल्या माणसाच्या प्रेमळ आवाजात पुढचं सांगितलं.

"'एका मुक्या जीवाच्या संसारात पाय घातला.' बोला, गजेंद्रभाई. अजून सात ओळी आहेत."