सात नंबरची मुलगी

सामन्याला निघायच्या घाईत बाबा स्वतःच्याच चष्म्यावर बसले. कर्रकन आवाज झाला आणि दोन्ही काचांनी राम म्हटला.

चौकातलं चष्म्याचं दुकान त्यांचंच. दिवसभर लोकांना बारीक होत जाणारी अक्षरं वाचायला लावायची, नंबर काढून द्यायचा. स्वतःचा नंबर उणे पाच. वीतभर अंतरावरचं लख्ख दिसायचं. त्यापलीकडे माणूस आहे की खांब, हे तो हलला तरच कळायचं.

"दुसरा चष्मा काढा की," आई म्हणाली.

"दुसरा नाहीये."

"चष्मेवाल्याच्या घरात दुसरा चष्मा नाही! द्या तो फोन इकडे, मीच जाते."

"तू? आजवर तू काढलेल्या एका तरी फोटोत तुझा अंगठा आला नाही, असं झालंय का?"

बाबांनी पिशवीतली एक नमुन्याची फ्रेम नाकावर चढवली. तिच्यात साधं प्लास्टिक होतं. पण नाकावर काहीतरी असलं की दिसल्यासारखं तरी वाटतं. ते निघाले.

न जाऊन भागणारच नव्हतं. त्यांची मुलगी, भिंगरी, शाळेच्या फुटबॉल संघात होती आणि तिला कॉलेजच्या संघात जायचं होतं. जायचं म्हणजे जायचंच. दोन वर्षं ती पहाटे पाचला उठून धावत होती. शेजाऱ्यांच्या भिंतीवर चेंडू मारून मारून तिनं त्यांच्या घरातली दोन घड्याळं खाली पाडली होती. कॉलेजनं अर्जासोबत अर्ध्या सामन्याचा व्हिडिओ मागितला होता: सलग, काटछाट न केलेला, त्यात खेळाडू सतत दिसली पाहिजे. मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत.

"पांढरी जर्सी, सात नंबर," भिंगरीनं सकाळी जाताना बजावलं होतं. "माझ्यावरनं कॅमेरा हलवायचा नाही. काही झालं तरी."

बाबा मैदानावर पोचले तेव्हा सामना नुकताच सुरू होत होता. ते यायच्या दहाच मिनिटं आधी घोटाळा होऊन गेला होता. दोन्ही संघ पांढऱ्यात आलेले पाहून पंचांनी भिंगरीच्या संघाला सरावाच्या निळ्या जर्सी आणि निळे मोजे घालायला लावले होते. बाबांना हे कोण सांगणार? त्यांनी फोन नाकाशी धरला, पडद्यावर पांढऱ्या पाठीवरचा सात शोधला आणि त्याला घट्ट पकडलं. वर केसांचा एक शेपटा उडत होता. शेपटा भिंगरीचाही उडायचा.

हात भरून आला. पोटरीवर मुंगी चढली. बाबा हलले नाहीत. एवढ्यात मैदान दणाणलं.

"काय झालं हो?" त्यांनी पडद्यावरची नजर न काढता शेजारच्या माणसाला विचारलं.

"अहो, गोल! तीस पावलांवरून! निळ्यांच्या पोरीनं मारला!"

"हं. लागतो एखादा चुकून," बाबा म्हणाले. पडद्यावर पांढरी सात बुटाची नाडी बांधत होती.

त्यांना खरा राग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. पांढऱ्या सातच्या पायात चेंडू आला रे आला, की कुठूनतरी दोन निळे मोजे यायचे आणि चेंडू घेऊन पसार व्हायचे. एकदा, दोनदा, पाचदा. शेवटी बाबांचा तोल सुटला.

"अहो पंच, शिट्टी वाजवा की! ही निळी बघा, नुसती आडदांड! कुणाची पोर आहे ही? घरी काही वळण लावलंय की नाही?"

सहाला दहा कमी असताना त्यांनी मैदानातूनच व्हिडिओ पाठवून दिला आणि विजयी मुद्रेनं घरी आले.

रात्री जेवण आटोपून भिंगरी तो बघायला बसली.

"बाबा, ही कोण?"

"कोण म्हणजे? तू."

"मी निळ्यात होते."

बाबांनी फोन नाकाशी नेला. नेमकं तेव्हाच फोनमधून त्यांचाच आवाज आला: "कुणाची पोर आहे ही?"

आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. भिंगरी मात्र हसली नाही, रडलीही नाही. आयुष्यातला सगळ्यात भारी गोल तिनं आज मारला होता आणि त्या वेळी व्हिडिओत नाडी बांधली जात होती. तिनं फोन बंद केला. मग म्हणाली, "उद्या कॉलेजात जायचं. खरं काय ते सांगायचं. आणि म्हणायचं, मला समोर खेळवून बघा."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर परवा परत जायचं."

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लागलं. कॉलेजच्या मैदानावर प्रशिक्षक मॅडम गवतावर खुणेचे शंकू मांडत होत्या. भिंगरीनं एका दमात सगळं सांगितलं.

"म्हणजे ते निळे मोजे तुझे?" मॅडमनी विचारलं.

"हो. पण मी गोलपण मारला होता, तो नाही आला त्यात."

"गोल माझ्याकडे ढिगानं येतात. सगळे तेच पाठवतात. चांगल्या खेळणाऱ्या मुलीच्या पायातनं अकरा वेळा चेंडू काढणारी मला कुणी पाठवत नाही. मी कालपासून मोजतेय." मग त्या बाबांकडे वळल्या. "आणि मागे ओरडणारे गृहस्थ कोण?"

बाबा गवत बघत राहिले.

"बरं, ती पांढरी सात कोण गं? तिलाही बोलवावं म्हणते. बचावाला एकच जागा असली तरी पुढे आक्रमणाला एक आहेच. पण दुसऱ्या कुठल्याच अर्जाच्या व्हिडिओत ती दिसली नाही."

बाबांनी भिंगरीचा पाय हळूच दाबला. एका अर्जात दुसरीचं भलं करायची त्यांची तयारी नव्हती. भिंगरीनं पाय काढून घेतला आणि त्या मुलीचं नाव, शाळा, सगळं सांगून टाकलं.

रविवारी चाचणी झाली. दोन तास दोघींनी एकमेकींना दम खाऊ दिला नाही. भिंगरीचा गुडघा फुटला, सातचा शेपटा सुटला. यादी लागली तेव्हा दोघींची नावं एकाखाली एक होती: भिंगरी बचावाला, ती आक्रमणाला. दोघी गळ्यात गळे घालून उड्या मारायला लागल्या.

बाबा नवा चष्मा लावून कुंपणाशी उभे होते. तेवढ्यात एक बाई लगबगीनं त्यांच्याकडे आल्या. डोळे भरलेले.

"तो व्हिडिओ तुम्हीच काढलात ना? मॅडमनी दाखवला मला. आम्हाला त्या दिवशी येता आलं नाही, म्हणून मुलीचा अर्जच राहिला होता. हल्ली कोण करतं हो परक्याच्या मुलीसाठी इतकं? पाऊण तास नजर हलवली नाहीत!"

बाबांनी चष्मा नीट केला. खरं सांगावं की सांगू नये, असा क्षणभर विचार केला आणि मान खाली घालून खरं तेच सांगितलं.

"अहो, त्यात काय एवढं? आपलीच मुलगी समजून काढला."