काचेसमोरचं नाटक

क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएच.डी. करणाऱ्या त्या मुलीला विभागात सगळे ‘दुर्बीण’ म्हणत. समोरच्याची भुवई जरा हलली तरी तिला त्यात काहीतरी दिसायचं. त्या सकाळी तर तिचा संशय नुसता उतू चालला होता. कॅन्टीनमध्ये बातमी होती, की यंदाच्या परीक्षेत विभाग न सांगता एक खोटा पेशंट पाठवणार. म्हणजे चक्क नट! जो फसला त्याचं वर्ष बुडालं.

विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात एका भिंतीला मोठी काच होती. खोलीतून ती आरशासारखी दिसे, पलीकडून मात्र आतलं सगळं दिसे. पलीकडे मार्गदर्शक बाई बसल्या होत्या. आत आले ते पन्नाशीचे गृहस्थ. शर्टाला कडक इस्त्री, मांडीवर ऑफिसची बॅग.

“झोप लागत नाही. संध्याकाळी घरी जायची वेळ झाली की छातीत धडधडतं,” ते म्हणाले.

झोप नाही आणि दाढी इतकी गुळगुळीत? दुर्बीण सावध झाली.

“ऑफिसात काय काम असतं, काका?”

“काम... बसून असतो.”

“म्हणजे नेमकं काय?”

“तेच. बसून.”

पाठांतर कच्चं! तिने मनात खूण केली. “तुमच्या हाताखाली किती माणसं?”

“सहा,” ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं तर सहाची चार झाली. मग त्यांनी काचेकडे बघत कॉलर सारखी केली, आणि दुर्बिणीची उरलीसुरली शंका फिटली. बाईंना इशारा करतोय हा! त्यात बोलता बोलता गृहस्थांचे डोळे भरून आले, तेही बायकोचा विषय निघाल्यावर अगदी वेळेवर.

ती पुढे झुकली. “काका, पुरे आता. नाटक चांगलं वठवलंत, पण मी ओळखलंय.”

गृहस्थांचा चेहरा पांढराफटक पडला. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगायला कशाला हवं? दिसतंय की!”

“हिला... हिला पण कळलंय?”

“कुणाला?”

“बायकोला हो!” त्यांनी बॅग छातीशी धरली. “कंपनी बंद पडून तीन महिने झाले. रोज इस्त्रीचे कपडे घालून निघतो, दिवसभर बागेत बसतो, सहाला घरी जातो. घरी सांगायची हिंमतच होत नाही. आणि तुम्ही अर्ध्या तासात पकडलंत!”

दुर्बिणीच्या पायाखालची जमीन सरकली. माणूस खरा होता. अश्रूही खरे होते. आणि ती त्याला ‘पुरे आता’ म्हणून बसली होती. तिने पाण्याचा पेला पुढे सरकवला. गृहस्थ बोलत राहिले, मोकळे होत गेले. जाताना म्हणाले, “पुढच्या आठवड्यात हिला इथेच आणतो. तुमच्यासमोर सांगतो.”

बाहेर मार्गदर्शक बाई वाटच बघत होत्या. “काय घाव घातलास ग! एवढं धाडस आलं कुठून?”

“बाई, मला वाटलं तो तुम्ही पाठवलेला नट आहे.”

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. “नट? अग, खऱ्या पेशंटांना द्यायला खोल्या नाहीत आपल्याकडे!” मग कपाळाला हात लावून म्हणाल्या, “पुढच्या वेळी आधी ऐक, मग ओळख.”

पुढच्या आठवड्यात वेळेआधीच एक बाई एकट्या येऊन बसल्या. त्या गृहस्थांच्या पत्नी.

“हे खाली गाडी लावतायत, तोवर पटकन विचारते. आज काहीतरी सांगणार आहेत म्हणे. नोकरीचंच असणार. मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे, बागेसमोरच माझी बहीण राहते. पण त्यांना वाईट वाटू नये ना! म्हणून हा चेहरा करणार आहे. बघा बरं, खरा वाटतो का.”

त्यांनी डोळे विस्फारले, तोंडावर हात नेला आणि “अगोबाई!” म्हणून खुर्चीत कोसळल्या.

या वेळी दुर्बीण आधी नीट ऐकून, नीट बघून मगच बोलली. “काकू, तुम्हाला अभिनय अजिबात येत नाही. सरळ खरं सांगून टाका.”

“इश्श! येत नाही कसा?” काकू दुखावून उठून बसल्या. “तीन महिने रोज संध्याकाळी विचारतेय, ‘आज ऑफिसात फार काम होतं का हो?’ एकदा तरी संशय आला त्यांना?”