सहीला घरी कोण आहे?

“मॅडम, कुत्रा कितीही शहाणा असला तरी त्याला सही करता येत नाही.”

शरदकाका फोनवर हे इतक्या गंभीरपणे सांगत होते, की हसू दाबायला मी पाण्याची बाटली तोंडाला लावली. पलीकडच्या बाईंचं म्हणणं साधं होतं: घरी कोणी नसेल तर खोकं दारात ठेवा, कुत्रा राखण करेल. काकांनी पुन्हा विचारलं, “सहीला घरी कोण आहे?”

आमची वायनरी हंटर खोऱ्यात आहे, पण ऑनलाइन ऑर्डरी आणि गोदाम सिडनीत, गिरावीनला. वाइन थेट लोकांच्या घरी पाठवायची तर घेताना अठरा वर्षांवरच्या माणसाची सही लागते, त्यात प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, आणि ते सांभाळणं हे काकांचं काम. ऑफिसात त्यांना सगळे ‘शरद’ म्हणतात. वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसतं नावाने कसं बोलवायचं, म्हणून मी महिनाभर त्यांना हाकच मारली नाही. मग एकदा स्टेपलर हवा होता, तेव्हा तोंडातून ‘काका’ निघून गेलं.

त्यांच्या टेबलामागे ऑस्ट्रेलियाचा नकाशा आहे. राज्याराज्याला वेगळा रंग. नॉर्दर्न टेरिटरीत काही वस्त्यांमध्ये दारू न्यायलाच बंदी आहे, तिथे काळ्या टाचण्या. “राज्य बदललं की कायदा बदलला,” हे ते दिवसातून चारदा म्हणतात, कधीकधी नुसतं नकाशाकडे बघून.

स्वतः त्यांनी कधी थेंब घेतला नाही. वाइनला ते ‘माल’ म्हणतात. मालकाने एकदा नवी शिराझ वाइन चाखायला दिली. काकांनी ग्लास बाजूला ठेवला, बाटली उचलली आणि लेबलवरचा गर्भवतींसाठीचा इशारा पट्टीने मोजला. “छान आहे,” म्हणाले.

मी आधी कपड्यांच्या ऑनलाइन दुकानात होते. तिथे पार्सलचं लेबल छापताना ‘दारात ठेवा’वर टिक करायची हाताला सवय लागली होती. एका गुरुवारी दुपारी काका सकाळची लेबलं तपासत होते. त्यांची पट्टी एका ओळीवर थांबली.

“हे तू केलंस?”

जवळच्या टूनगॅबीला बारा बाटल्या. दारात ठेवा. सहीची गरज नाही. काकांनी गिऱ्हाइकाला फोन लावला. ती ऑफिसात होती. तीननंतर घरी फक्त तिची पंधरा वर्षांची मुलगी आणि तिच्या मैत्रिणी.

मुलींच्या हाती खोकं लागलं तर दारूविक्रीच्या परवान्यावर गदा येणार, आणि माझं प्रोबेशन अजून संपलेलं नव्हतं. खोकं केव्हाच निघालं होतं, आणि कुरियरचा ड्रायव्हर फोन उचलत नव्हता.

“बॅग घे,” काका म्हणाले.

त्यांची गाडी पन्नासच्या मर्यादेच्या रस्त्यावर अठ्ठेचाळीसनेच चालली. मी घड्याळ बघत होते, ते आरसे बघत होते. पोचलो तर दारात काहीच नव्हतं. म्हणजे आता यायचं होतं, किंवा मुलींनी आत नेलं होतं. काका फाटकाशी पहारेकऱ्यासारखे उभे राहिले. दहा मिनिटांनी कुरियरची व्हॅन वळली, आणि ड्रायव्हर टोनी आमचं खोकं घेऊन खाली उतरला. मी इतका मोठा श्वास सोडला, की काकांनी वळून पाहिलं.

“शरद! तू इथे?” टोनी हसला.

काकांनी खोकं ताब्यात घेतलं, वयाचा पुरावा म्हणून स्वतःचं लायसन्स दाखवलं, सही केली. मला फक्त म्हणाले, “उद्या बाईंच्या ऑफिसात पाठवू. चुका होतात. टिक काढून टाकायची असते, रडायचं नसतं.”

मी रडत नव्हते. बहुतेक.

टोनी पुन्हा व्हॅनमध्ये शिरला. “बरं झालं भेटलास, मेट. तुझं इंडियाचं पार्सल आज परत जाणार होतं. तीनदा आलो. तुझ्याकडे सहीला घरी कोण असतं?”

कायद्याबाहेरचा प्रश्न असल्यासारखे काका टोनीकडे बघत राहिले. मग कापडात शिवलेलं खोकं त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि पुन्हा लायसन्स दाखवलं. कोणी मागितलं नव्हतं.

गाडीत ते खोकं मांडीवर घेऊन बसले. किल्ली फिरवली नाही.

“ताई पाठवते. चिवडा असतो. ही होती तेव्हा घ्यायची. चार वर्षं झाली.” खोक्याची शिवण चाचपत म्हणाले, “दारात ठेवा, असं लिहिता येतं. पण दारात ठेवलेलं बरं नाही वाटत.”

मला अशा वेळी काही सुचत नाही. सुचलं तरी इंग्रजीत सुचतं, आणि तेही घरी गेल्यावर. काकांनी किल्लीला हात घातला.

“काका,” मी म्हणाले, “पुढच्या वेळी पत्ता आमचा द्या. आई घरी असते.”