बालक्रीडा कक्ष आणि आठवणींची उपसमिती

माणूस गेल्याची बातमी इमारतीत किती वेळात पसरते, हे त्या माणसाचा इमारतीला काय उपयोग होता यावर अवलंबून असतं. चौदाव्या मजल्यावरचे एक सद्गृहस्थ गेले, तेव्हा आम्हाला तीन दिवसांनी कळलं (तेही त्यांची गाडी जागची हलेना म्हणून). माझी बायको कालिंदी गेली ती एका मंगळवारी. दुपारी छातीत कळ आली, टॅक्सीने परळच्या हॉस्पिटलात नेलं, चार वाजून पाच मिनिटांनी सगळं संपलं. मी अजून तिथे कागदांवर सह्या करत होतो. इकडे साडेचारला पहिल्या मजल्यावरची मुलांची खेळायची खोली उघडली नाही, आणि चार चौतीसपर्यंत बावीसच्या बावीस मजल्यांना कळलं होतं. तीन दिवस आणि चार मिनिटं यांचं गुणोत्तर काढलं तर कालिंदी त्या सद्गृहस्थांपेक्षा एक हजार ऐंशी पट उपयोगी होती. मी पाणी खात्यात कारकून आहे. असे हिशेब आपोआप होतात.

आमची इमारत म्हणजे चिंचपोकळीची जुनी चार मजली चाळ, पुनर्विकासानंतरची. नकाशात त्या खोलीला 'बालक्रीडा कक्ष' म्हटलं आहे. बिल्डरने तिच्यात एक घसरगुंडी आणि रंगीत चेंडूंचा हौद दिला, आणि सोसायटीने तिला एक भक्कम कुलूप दिलं. मुलं आत गेली तर वस्तू खराब होतील, हे कमिटीचं म्हणणं शास्त्रशुद्ध होतं. कालिंदीने दोन दिवसांसाठी म्हणून किल्ली मागून घेतली आणि आठ वर्षं परत दिली नाही. रोज साडेचारला शिलाई मशीन बंद करून ती खाली उतरायची. महिन्यातून एकदा हौदातले चेंडू कांद्याच्या जाळीच्या पोत्यांत भरून साबणाच्या पाण्यात बुचकळायची आणि गच्चीवर वाळत घालायची. हे सर्व ती कोणत्याही ठरावाशिवाय करत होती, याची नोंद घ्यावी.

खोलीत तिसरी वस्तू होती ती व्हिडिओ गेमचं एक जुनं यंत्र. त्याचा इतिहास सांगणं भाग आहे.

शहाऐंशी साली लालबागला मसाल्याच्या गिरणीच्या मागे एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. यंत्रं चार, दिवा एक, खिडकी नाही. जायला वाट गिरणीतूनच. त्यामुळे पार्लरमधून आलेला मुलगा घरी येऊन शिंकायचा, आणि आया नुसत्या शिंकेवरून मार द्यायच्या. (माझा धाकटा भाऊ खऱ्या सर्दीत दोनदा मार खाऊन आहे.) मुलींना तिथे बंदी नव्हती, कारण मुली तिथे जातील असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कालिंदी तेव्हा चौदा वर्षांची, आमच्याच चाळीतली. आईने तिला मे महिन्यात वर्षाचा मसाला कुटून आणायला पाठवलं. नंबर यायला तास लागला. त्या तासात तिने मागचं दार पाहिलं. त्यानंतर त्या महिन्यात तिने चाळीतल्या अकरा घरांच्या मिरच्या स्वतःहून मागून नेल्या. मुलगी किती कामसू, असं सगळी चाळ म्हणू लागली. ती शिंकली तरी कुणाला संशय येत नव्हता. मिरच्यांची चार पोती आणि पडद्यावरचं एक विमान ती एकाच वेळी सांभाळायची. मी तिच्या मागे उभा राहून पाहायचो. माझा नंबर आला की मी तिला द्यायचो, आणि पुढे आमचं लग्न झालं.

पार्लर बंद पडल्यावर एक यंत्र गिरणीतच राहिलं. गिरणीवाल्याने त्यावर पोती ठेवायला सुरुवात केली. तीस वर्षांनी कालिंदीने त्याला त्याच उंचीचं खरं टेबल नेऊन दिलं आणि यंत्र उचलून आणलं. नाण्याची पेटी तिने काढून टाकली. उजवं बटण अडकतं, पण मुलांनी त्यावरही मार्ग काढला होता.

असो. कालिंदी गेल्यावर शोकसभा झाली. सोसायटीचा सेक्रेटरी रामदास हा माझा चाळीपासूनचा मित्र. तो बोलताना खरोखर रडला. मग डोळे पुसून त्याने ठराव मांडला, की आदरांजली म्हणून कक्ष तेरा दिवस बंद ठेवावा. सर्वांनी हात वर केले. मीही केला.

चौदाव्या दिवशी मी किल्ली घेऊन खाली गेलो, तर रामदास दारातच.

"अरे शऱ्या, आज लगेच उघडलंस तर लोक काय म्हणतील? तेरा दिवस झाले, वहिनींना विसरले. खोलीला त्यांचं नाव देऊ या. मग उघडू."

"दे ना. पाटी लाव, उघडतो."

"पाटी अशी कशी लावायची? अनावरण नको?"

पुढचं सगळं तर्काला धरून झालं. पाटीला अनावरण हवं, अनावरणाला पाहुणे हवेत, पाहुण्यांच्या हातात द्यायला स्मरणिका हवी, आणि स्मरणिकेला आठवणी. पाच जणांची उपसमिती नेमली गेली. विषय ठरला 'आमचे बालपणीचे खेळ', मर्यादा दीडशे शब्द. सूचनाफलकावर नोटीस लागली. तिच्याखाली दुसरी नोटीस लागली, की मुलांनी लिफ्टजवळ खेळून गोंगाट करू नये, सोसायटी ऑफिसात आठवणींचं काम चालू आहे.

एकूण एकसष्ट आठवणी आल्या. त्यांपैकी अठ्ठावन्न त्या पार्लरच्या. त्या खऱ्या मानल्या तर शहाऐंशीच्या मे महिन्यात चार यंत्रांवर एकाच वेळी त्रेचाळीस मुलं खेळत होती. एकोणतीस जणांचा विक्रम शेवटपर्यंत कुणाला मोडता आला नाही. हरलेला एकही नाही. चोपन्न जणांनी शेवटी लिहिलं आहे, की आजची मुलं खेळतच नाहीत. (निरीक्षण अचूक आहे. कक्षाला कुलूप आहे.) मुलीचा उल्लेख एकाच ठिकाणी सापडला: 'एक मुलगी मिरच्या घेऊन यायची, नाव आठवत नाही.' लिहिणारे आमचे अध्यक्ष दौलतराव. त्यांच्या घरचा मसाला तीच कुटून आणायची.

पाचव्या महिन्यात उपसमितीने वस्तूंच्या स्थितीची पाहणी करायचं ठरवलं. मी कुलूप उघडून दिलं. पाचही जण आत गेले आणि त्यांनी दार आतून लावून घेतलं. मी बाहेर थांबलो. पाहणी दोन तास दहा मिनिटं चालली. आतून विमानाचा आवाज येत होता आणि मधूनमधून दौलतराव म्हणत होते, "सरक ना बाजूला, माझा नंबर आहे." एकदा बरेच चेंडू एकदम सांडल्यासारखं वाटलं.

नवव्या मजल्यावरची मनवा, वय सात, जिन्यावरून आली आणि दाराला कान लावून उभी राहिली.

"काका, आत कोण खेळतंय?"

रामदासने दार बोटभर उघडलं. त्याच्या केसांत घाम होता. "खेळत नाहीये कुणी. पाहणी चाललीय."

"मला पण पाहणी करायचीय."

"तू सभासद नाहीस, बाळा," रामदास म्हणाला आणि दार लावलं.

अहवालात एकच ओळ आहे: 'यंत्र सुस्थितीत असून आणखी एका पाहणीची आवश्यकता आहे.' आजवर सहा पाहण्या झाल्या. समितीच्या सभांना इतकी पूर्ण उपस्थिती पुनर्विकासाच्या वेळीही नव्हती.

आता सात महिने झाले. पाटी तयार आहे, पाहुणे ठरलेत. उशीर फक्त माझ्यामुळे आहे. पहिल्या पानावर नवऱ्याचं मनोगत हवं, आणि ते मी दिलेलं नाही. दर रविवारी बसतो. चेंडू कसे धुवायचे, साबण किती घ्यायचा, पोत्याचं तोंड कशाने बांधायचं, एवढंच लिहून होतं. रामदासने वाचलं.

"शऱ्या, ही तर कपडे धुण्याच्या मशीनबरोबर येणारी पुस्तिका झाली. भावना कुठंय?"

ती मला लिहिता येत नाही.

परवा मनवा भेटली. "काका, तुमचं लिहून झालं?"

"नाही गं."

"काय लिहायचंय एवढं?"

"आम्ही लहानपणी कसे खेळायचो ते."

"खूप खेळायचात?"

"खूप."

"मग मला सांगा, मी लिहून देते. निबंधात मला दहात नऊ असतात." मग म्हणाली, "काकू गेल्या म्हणून खोली पण गेली का?"

मी म्हणालो, तसं काही ठरावात नाही.

खरं सांगायचं तर ठरावाची मला भीती नाही. किल्ली माझ्या खिशात आहे. आज उघडली तर रामदास चार दिवस चिडेल आणि पाचव्या दिवशी पाहणीला येईल. पण दार उघडल्यावर आत ती नसते. मुलांना त्याची सवय एका संध्याकाळीत होईल. मला किती दिवस लागतील, याचा हिशेब मात्र आपोआप होत नाही. म्हणून उपसमिती मला मनापासून आवडते. ती नसती तर मला दुसरं कारण शोधावं लागलं असतं.

आता तुमच्याविषयी. हे वाचताना मधेच तुम्हाला तुमचं पार्लर आठवलं, तिथलं अडकणारं बटण आठवलं, तुमचा विक्रमही आठवला (तो कुणी मोडला नव्हता, ठाऊक आहे). तेवढ्यात घरातलं एक मूल येऊन काहीतरी विचारून गेलं, आणि तुम्ही म्हणालात, थांब जरा, वाचतोय. तुमच्या दीडशे शब्दांना आमच्या स्मरणिकेत अजून जागा आहे.

आमची मुलं सध्या लिफ्टजवळ खेळतात. माझं मनोगत लिहायचं राहिलं आहे, आणि दार उघडायचं राहिलं आहे.