गेटाचा एक खांब

गेटाचा डावा खांब काढायचा, एवढंच मी ठरवलं होतं. पुढचं काही माझ्या मनात नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण हल्ली गल्लीतले लोक मला फार धोरणी माणूस समजायला लागले आहेत. (बायको समजत नाही. तिने मला जवळून पाहिलं आहे.)

झालं असं की मुलीने घर बदललं आणि तिचा जुना सोफा आम्हाला पाठवून दिला. जुना तिच्या दृष्टीने. लाल मखमलीचा, गोल वळणाच्या हातांचा, तीन माणसं ऐसपैस बसतील एवढा. मी आयुष्यभर एका दुकानात गाद्या भरल्या. गावाच्या पाठीला मऊ मिळावं म्हणून कापूस पिंजला आणि घरी येऊन लाकडी बाकावर बसलो. त्यामुळे टेंपोतून तो सोफा उतरताना पाहिला आणि मला भरून आलं. मग तो गेटातून आत येईना.

टेंपोवाल्याने तो आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला. "काका, हा काय जात नाही," तो म्हणाला.

"थांबा," मी म्हणालो आणि विचार करू लागलो.

इथे माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी सावकाश बोलतो, आणि हे लहानपणापासूनचं आहे. शाळेत मास्तर गणिताचा प्रश्न विचारायचे आणि माझं उत्तर ओठांवर यायचं तेव्हा वर्गात भूगोल सुरू झालेला असायचा. शाळेचं आणि माझं फार दिवस जमलं नाही. लग्नानंतर बायकोने माझी वाक्यं पुरी करायचं काम अंगावर घेतलं. मी "आज जरा" म्हणालो की ती म्हणते, "पाठ दुखतेय, ठाऊक आहे." पुष्कळदा मला तेच म्हणायचं असतं. नसलं तरी तिचं वाक्य माझ्यापेक्षा बरं असतं, म्हणून मी तेच ठेवून घेतो.

तर मी पहार आणली. आधी टेपने गेट मोजलं, सोफा मोजला, खात्रीसाठी पुन्हा गेट मोजलं. मापाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. डावा खांब काढला की सोफा आरामात आत येत होता.

"अहो, चांगला खांब कशाला पाडताय?" बायकोने खिडकीतून विचारलं.

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात खांब पडला. त्याच्या सोबतीला गेट पडलं आणि कुंपणाच्या भिंतीचा एक मोठा तुकडाही पडला. (खांब वयाने माझ्यापेक्षा मोठा होता. त्याला फक्त निमित्त हवं होतं.) टेंपोवाल्याने सोफा अंगणाच्या मधोमध ठेवला आणि "घरात तुमचं तुम्ही घ्या" म्हणून तो पुढच्या कामाला गेला. ऊन कोवळं होतं. मी सोफ्यावर बसलो, आणि बसल्यावर उठावंसं वाटेना.

आता घराच्या मागच्या बाजूचं सांगतो, कारण खरं दुखणं तिकडे होतं.

आमच्या मागे मोकळं मैदान होतं आणि मैदानापलीकडे बायकोच्या थोरल्या बहिणीचं घर. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. ताईचा हात खांद्याच्या वर जात नाही. म्हणून रोज दुपारी माझी बायको फणी घेऊन मैदान ओलांडायची, ताईच्या मागच्या पायरीवर बसायची आणि तिची वेणी घालायची. वेणी चार केसांची, पण गप्पा संध्याकाळपर्यंत पुरायच्या.

मग शहर आमच्याकडे आलं. येणार येणार असं सगळे म्हणत होतेच. ते आलं ते थेट आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, बारा मजली व्हायला. मैदानाला चारी बाजूंनी उंच पत्रे ठोकले गेले. आता ताईकडे जायचं तर मोठ्या रस्त्याने वळसा घालायचा. तिथे ट्रक माणसांसाठी थांबत नाहीत आणि बायकोचे गुडघे ट्रकसाठी पळू शकत नाहीत. फोन करावा तर ताईला ऐकू कमी येतं. बायको इकडून ओरडायची, "जेवलीस का?" आणि गल्लीच्या टोकावरून इस्त्रीवाला म्हणायचा, "जेवलो, वहिनी."

मी एकदा साइटवरच्या इंजिनियरला भेटायला गेलो होतो. पोरगा तरुण, डोक्यावर पिवळं हेल्मेट, दोन्ही हातांत एकेक फोन.

"साहेब, मागच्या पत्र्यात एक..."

"आजोबा, साइटवर बाहेरच्या माणसांना बंदी आहे. सेफ्टी."

"नाही, मी काय म्हणतो, एक लहान..."

"सेफ्टी, आजोबा," तो म्हणाला आणि एका फोनमध्ये बोलत निघून गेला.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. तिने ताईची फणी पुसली आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली. ती माझ्यावर चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तर मी सोफ्यावर बसलो होतो. त्याच सकाळी साइटचा पुढचा रस्ता नगरपालिकेने गटारासाठी खणून ठेवला होता. इंजिनियरने गाड्यांना फोन केला: मागच्या गल्लीने या, जिथे गेट काढलेलं दिसेल तिथून आत शिरा. त्याची माणसं आमच्या घराच्या पुढे, गल्लीच्या वळणावर पत्रे काढून गेट करणार होती. पण ती अजून चहा पीत होती. संपूर्ण गल्लीत गेट काढलेलं घर एकच होतं.

खडीचा ट्रक उलटा उलटा येत आमच्या अंगणात शिरला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. समोर मोडकी भिंत आणि उघड्यावर मांडलेला लाल सोफा दिसला. सोफ्यावर एक म्हातारा, एक हात टेकवून शांत बसलेला. असा माणूस साइटवर एकच असतो, मालक.

"साहेब, खडी कुठे टाकू?"

मला सांगायचं होतं की बाबा, ही साइट नाही, ती पुढे वळणावर आहे. माझ्या शब्दांआधी माझा हात उठतो. तो वळणाच्या दिशेने निघाला होता, पण वाटेत आमच्या घराचं दार लागतं. हात दारासमोर असताना ड्रायव्हर "बरं" म्हणाला आणि त्याने ट्रकचा मागचा भाग उचलला. खडी पायरीवर पडली, दाराच्या कडीपर्यंत चढली. तोवर माझं 'ही' म्हणून झालं होतं.

खिडकीत बायको दिसली. "अहो, हे काय?"

"खडी."

"ती दिसतेय. दारात कशाला?"

मी विचार करू लागलो.

"राहू द्या," ती म्हणाली. "सोफ्याने एवढं केलं, कपाट पाठवलं असतं तर काय झालं असतं."

ड्रायव्हरने मला सलाम केला, ट्रक पुढे काढला आणि वळणावर जाऊन गल्लीच्या कडेच्या मऊ मातीत चाक रुतवून बसला. गल्ली बंद झाली. त्याच्या मागोमाग एक भलं मोठं धूड आलं. पाठीवर फिरता पिंप, पिंपात ओलं काँक्रीट. त्याला पुढे जायला जागा नव्हती, आणि मागे त्याच्यापाठी आलेली दुधाची गाडी हॉर्न वाजवत उभी होती. ते आमच्या पडक्या गेटासमोर थांबलं आणि घरघर करत पिंप फिरवत राहिलं.

इंजिनियर पळत आला. त्याने रुतलेला ट्रक पाहिला, पिंप पाहिलं, घराच्या कडेने मागपर्यंत गेलेलं आमचं अंगण पाहिलं, अंगणाच्या शेवटाला असलेले त्याचेच पत्रे पाहिले. मग मधोमध बसलेला मी त्याला दिसलो. या वेळी त्याने दोन्ही फोन खिशात ठेवले.

"आजोबा, तुमच्या अंगणातून गाडी आत घेऊ द्या. मागचे पत्रे काढतो, सरळ साइटमध्ये जाईल. काँक्रीट थांबून चालत नाही, घट्ट होतं. तुम्ही फक्त हा सोफा बाजूला घ्या."

पोरगा घामाघूम झाला होता. मला त्याची दया आली. मी म्हणणार होतो, साहेब, आधी पाणी प्या.

"साहेब..."

"खडी लगेच उचलायला लावतो."

"नाही, मी..."

"भिंत बांधून देतो. नवीन गेट देतो. दोन्ही खांब नवीन."

आता मी गोंधळलो. माझ्या आयुष्यात, एक सोफा सोडला तर, मी न मागता कुणी काही दिलं नव्हतं. (मागितल्यावरही क्वचितच.) मला ती फणी आठवली. म्हटलं, विषय निघालाच आहे तर पुन्हा सांगून पाहावं.

"त्या मागच्या पत्र्यात..."

"पत्र्यात काय? बोला ना, आजोबा."

पिंप घरघरत होतं. मी खिडकीकडे पाहिलं, कारण इथून पुढचं वाक्य बायकोचं असतं. तिने तोंड उघडलं होतं. मग तिने इंजिनियरचा चेहरा पाहिला, फिरतं पिंप पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. लग्न झाल्यापासून जे ती कधी बोलली नव्हती ते बोलली.

"अहो, सावकाश बोला. घाई नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यामुळे आणखी थोडा वेळ गेला.

"एक लहान..." मी म्हणालो.

"दार? दार देतो."

"दारातून पलीकडे..."

"वाट पाहिजे? कडेने वाट सोडतो, कंपाउंडला लागून. खोदकाम दुसऱ्या बाजूला आहे. मध्ये जाळी मारतो."

"बायकोचे गुडघे..."

"फरशी घालतो. सपाट. धरायला कठडा लावतो."

मला खरोखरच वाटलं की या पोराला सावलीत बसवावं. मी म्हणालो, "ऊन फार..."

"वरून पत्रा टाकतो, आजोबा, शेवटपर्यंत सावली."

"आणि ही इमारत झाल्यावर..." मी म्हणालो. मला विचारायचं होतं की इमारत झाल्यावर तू कुठे जाशील बाळा, घरी आई वाट पाहत असेल.

त्याने हात जोडले. "कायमची ठेवतो. नकाशातच घेतो. कड मोकळी सोडावीच लागते, तिथेच वाट राहील. झालं?"

मी अजून विचार करत होतो. पण खिडकीतून आवाज आला, "आधी पत्रे काढा, मग सोफा हलेल. आमच्या बाजूचे काढा आणि ताईच्या बाजूचे पण काढा. आणि तुमच्या त्या सेफ्टीचं काय?"

इंजिनियरने डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढलं आणि खिडकीतून तिच्या हातात दिलं.

सगळी साइट आमच्या अंगणात लोटली. कुणी खडी ओढली, कुणी पत्र्याचे खिळे उपटले. सोफा माझ्यासकट उचलून भिंतीजवळ ठेवला (मी उठत होतो, पण त्यांना तेवढा वेळ नव्हता). काँक्रीटची गाडी आमच्या पेरूच्या फांद्या मोडत मैदानात शिरली. धूळ खाली बसली तेव्हा पलीकडचेही पत्रे निघाले होते आणि मधली सगळी जागा आरपार दिसत होती.

पलीकडच्या पायरीवर ताई उभी होती. एवढा गोंधळ तिला ऐकूच आला नव्हता. ती कपडे वाळत घालायला आली होती. तिने डोक्याला फडकं गुंडाळलं होतं आणि त्यातून पांढऱ्या केसांच्या गाठी बाहेर आल्या होत्या.

माझी बायको दारातून बाहेर आली. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात फणी. मजूर बाजूला झाले. इंजिनियर स्वतः तिच्यापुढे चालत दगड बाजूला सारत होता.

"इतके दिवस कुठे होतीस गं?" ताई म्हणाली. ते सगळ्या साइटने ऐकलं. इस्त्रीवाल्यानेही ऐकलं असेल, पण त्या दिवशी तो काही बोलला नाही.

वेणी घालायला संध्याकाळ झाली. गाठी फार होत्या.

इंजिनियरने शब्द पाळला. पुढचा रस्ता बुजेपर्यंत गाड्या आमच्या अंगणातून जात होत्या, आणि रोज सकाळी ड्रायव्हर लोक सोफ्यावर बसलेल्या माझ्याकडे बघून सलाम करत होते. मी मान हलवली की गाडी आत जायची. वाट झाली, फरशी झाली, कठडा झाला, वर सावलीही झाली. नव्या इमारतीत राहायला आलेली माणसंसुद्धा आता तिथूनच बसथांब्याला जातात आणि जाता जाता मला विचारून बघतात की पुढच्या कोपऱ्यावर दिवा लावून घ्यायचा तर साहेबांशी कसं बोलावं. मी सांगायला सुरुवात करतो. ते म्हणतात, "कळलं, कळलं, हीच तर तुमची पद्धत." इंजिनियर तर म्हणाला, "आजोबा, नगरपालिकेची परवानगी परवडली, पण तुमच्याशी बोलणं नको." मला एवढं चांगलं कुणी कधी बोललं नव्हतं.

शेवटी गाड्या बंद झाल्या. नवं गेट बसवायच्या आधी इंजिनियरने चार धट्टेकट्टे मजूर पाठवले. म्हणाला, आजोबांचा सोफा घरात नेऊन द्या, किती दिवस उघड्यावर बसतील. मी पुढे झालो. ज्या माणसाने बारा मजली इमारतीला वाट दिली, त्याचा सोफा आत चालला होता. मी नवे कपडे घातले होते.

सोफा पायरीपर्यंत आला आणि थांबला. मजुरांनी आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला.

बायको दारात उभी होती. "गेट मोजलं होतं ना तुम्ही?"

"दोनदा," मी म्हणालो.

"आणि दार?"

मी दाराकडे पाहिलं. नीट पाहिलं. डाव्या बाजूची चौकट जरा जुनी वाटत होती. तेवढी एक काढली तर सोफा आरामात गेला असता, आणि माझ्या मनात तसं येतंय न येतंय तोच बायकोने माझं वाक्य पुरं केलं. भिंतीला टेकवलेली पहार तिने उचलली, खांद्यावर टाकली आणि ती ताईच्या घरी ठेवायला निघाली.

पहार चांगली जड आहे. तरी ती कुठे न थांबता, कठड्याला हात न लावता पलीकडे पोचली. मी सोफ्यावर बसून पाहत होतो. वाट खरंच चांगली झाली आहे.