हरवलेला समुद्र

शनिवारी जेवण आटोपून तोर्गेर सांडविकने कॉम्प्युटर सुरू केला, तर खेळातला समुद्रच नाहीसा झालेला. फेरीबोट होती, धक्का होता, आकाशही जागच्या जागी होतं. पण पाण्याचा थेंब नव्हता. बोट वाळत घातल्यासारखी हवेत लटकली होती आणि तिच्याखाली चार मासे निवांत हिंडत होते.

तोर्गेरने नॉर्वेतल्या ऑलेसुंडच्या बेटांमधून चौतीस वर्षं खरी फेरीबोट चालवली होती. निवृत्त झाल्यापासून तो ती पडद्यावर चालवायचा. एरवी त्याने मशीन बंद करून पेपर उघडला असता, पण तीन वाजता ओडलाइफ यायचा होता. ओडलाइफ हा बोटीवरचा त्याच्या हाताखालचा जुना अधिकारी. गुरुवारी कॉफी पिताना तो चारचौघांत म्हणाला होता, "कॉम्प्युटरवर काय, कुणीही बोट धक्क्याला लावेल!" त्यावर तोर्गेरने, भर वादळात लावून दाखवतो, ये बघायला, असं सांगून टाकलं होतं.

त्याने त्रोंदहाइमला मुलीला फोन लावला आणि स्पीकर चालू करून तो टेबलावर ठेवला.

"बाबा, अपडेट वगैरे केलंस का काही?" इंगुनने विचारलं.

"त्यानं विचारलं, मी हो म्हटलं."

"मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर बिघडलाय. पडद्यावर चित्र काढणारा प्रोग्राम रे. जुना काढून नवा घालावा लागेल."

"जुना म्हणून काढायचा? अनुभवी असेल की."

"बाबा, मी सांगते तेवढं कर."

त्याने केलं. जुना निघाला, नवा निम्मा आत गेला आणि घरातली वीज गेली. पाहुण्यासाठी त्याच्या बायकोने, गुनवोरने, स्वयंपाकघरात वॅफलचं यंत्र लावलं होतं. हीटर आधीच चालू होता; दोन्हींचा भार फ्यूजला पेलला नाही.

"गुनवोर! आत्ताच लावायचं होतं ते?"

"मला काय ठाऊक तू आत ऑपरेशन करतोयस ते!"

फ्यूज वर केल्यावर मशीन जागं झालं, पण अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी झाली होती. 'पुढे' असं लिहिलेलं बटण पडद्याच्या बाहेर कुठेतरी गेलं होतं. शेवटी इंगुनने आपल्या घरी बसून बापाच्या मशीनचा ताबा घेतला. पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागला. तोर्गेरने झडप घालून माउस धरला आणि उलट्या दिशेला ओढला.

"बाबा, हात काढ!"

"मला न विचारता कुठं निघालाय तो?"

"मी नेतेय त्याला! ओडलाइफकाकाच्या हातात सुकाणू दिल्यावरही असंच ओढायचास का?"

"ओढायचा," दारातून आवाज आला. ओडलाइफ वीस मिनिटं लवकर आला होता.

तोर्गेरने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. ओडलाइफकडे स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता, तरी जॅम लावलेली तीन वॅफलं खाताना त्याने प्रत्येक टप्प्यावर सल्ला दिला. सव्वातीनला समुद्र परत आला. त्या आनंदात इंगुनने चित्राची सगळी मापं वरच्या टोकाला नेऊन ठेवली. "आता लाट न लाट खरी दिसेल बघ!"

दिसली. तोर्गेरने वादळ सोडलं. करड्या पाण्याच्या भिंती उठल्या, क्षितिज डावीकडे कललं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. दुसऱ्या लाटेला तोर्गेर बोलायचा थांबला. चौथ्या लाटेला त्याने शर्टाचं वरचं बटण सोडलं. धक्का पन्नास मीटरवर आला तेव्हा तो उठला. "ओडलाइफ, धर जरा," एवढं म्हणून तो मोजकी पावलं टाकत स्वयंपाकघरात गेला आणि खिडकी उघडून त्याने डोकं बाहेर काढलं.

"आता बघा!" म्हणत ओडलाइफ खुर्चीत बसला. मिनिटभराने तोही उठला. मागे पडद्यावर बोट धक्क्यावर आदळल्याचा मोठा आवाज झाला, पण तो बघायला खोलीत कुणी नव्हतं.

फोन टेबलावर चालूच होता. "हॅलो? आई? चालतंय का आता नीट?"

गुनवोरने फोन उचलला आणि खिडकीतल्या दोन पाठमोऱ्या माणसांकडे पाहिलं.

"चालतंय की! फारच छान चालतंय," ती म्हणाली, आणि उरलेली वॅफलं डब्यात भरू लागली.