टायर घासत नाही!

"गुरुवारी आपल्या सावनीच्या साखरपुड्याला आपण चौघंही माझ्या गाडीतून धारवाडला जायचं! आणि टायर घासणार नाही म्हणजे नाही!"

पुंडलिकराव निपाणीकरांनी भाकरीचा तुकडा झुणक्यात असा दाबला, की जणू हुकुमावर शिक्काच मारला. हुबळीच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं मोठं दुकान. पितळेच्या घागरीला नुसती टिचकी मारून ती कुठं चेपलीय ते सांगणारा माणूस! असा माणूस चुकेल कसा, असं त्यांचं स्वतःबद्दल अगदी प्रामाणिक मत होतं.

"जी गाडी काढताना टायर घासणार नाही असं आधी सांगावं लागतं, ती न्यायचीच कशाला?" त्यांच्या पत्नी संगीताबाईंनी विचारलं.

"कारण तू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटलीयस, की घासतो म्हणून!"

गाडी साधीसुधी नव्हतीच. जपानी, दोन दारांची, शर्यतीच्या जातीची. तिच्या इतर बहिणी अंगानं सडपातळ. पण कंपनीनं मोजक्या काही गाड्या रुंद अंगाच्या काढल्या, त्यांतली ही एक. मागचे मडगार्ड दोन्ही बाजूंनी असे फुगलेले, जसे लाल मातीत उतरलेल्या पैलवानाचे दंड! गोव्यातल्या एका म्हाताऱ्या हॉटेलवाल्याच्या मिनतवाऱ्या करून पुंडलिकरावांनी ती मिळवली, तेव्हा देशपांडे नगरातली अर्धी गल्ली बघायला लोटली होती. आणि त्या गर्दीतलाच एक तोंडाळ शेजारी म्हणाला होता,

"अण्णा, अंग पैलवानाचं, पण चपला पोराच्या घातल्यात की हो हिला!"

घाव वर्मी बसला. कारण ते खरं होतं. मडगार्ड रुंद, पण मागची चाकं आपली आत, कपाटाखाली गेलेल्या चेंडूसारखी दडलेली! त्या दिवसापासून पुंडलिकरावांना अन्न गोड लागेना. चाकाची कड मडगार्डच्या कडेशी जुळली पाहिजे, आणि मधे फार तर एक बोट शिरलं पाहिजे. दुसरं बोट शिरलं तर तो अपमान!

गोकुळ रोडच्या मारुती मेस्त्रीनं रुंद चाकं मागवून बसवली, मागच्या स्प्रिंगा काढून बुटक्या घातल्या. गाडी मागून अशी खाली बसली, जसं मांजर झडप घालायच्या तयारीत बसावं. मारुती चार पावलं मागं जाऊन खूश झाला.

"भारी आगेदरी अण्णा, भारी झालीय! फक्त एकच. खड्ड्यात चाक वर उचलणार, आणि वर मडगार्डची कड आहे, विळीसारखी. ती हातोडीनं हळूच आत वळवून घेऊ?"

"हातोडी? हिच्या पत्र्याला?" पुंडलिकरावांचा चेहरा असा झाला, की जणू पोटच्या पोरीचे दात पाडायला कुणी परवानगी मागतंय. "अशा गाड्या देशात बोटावर मोजण्याइतक्या आहेत, मारुती! मूळ पत्र्याला हात लावायचा नाही!"

"मग स्प्रिंग जरा उंच घालू?"

"केसभरही नाही!"

संगीताबाईंचा भाऊ दीपक विद्यानगरच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवतो. अंगानं भक्कम, बोलण्यानं त्याहून भक्कम. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, "दाजी, तुम्ही एकटे बसताय तोवर ठीक. मागं दोन माणसं बसली की स्प्रिंग दबणार आणि मडगार्ड टायरवर येऊन टेकणार. स्प्रिंगला तुमचा स्वभाव माहीत नाही."

"तूच बसायचंस मागं! म्हणजे तुझ्या कानांनी ऐकशील!"

"काय ऐकू?"

"काहीच ऐकू येत नाही, ते ऐक!"

गुरुवार उजाडला. पुढच्या सीटवर सावनी, आईच्या मोतिया पैठणीत. मागं संगीताबाई आणि दीपक, आणि दोघांच्या मधे एक समई, दोन पराती, पितळी डबा आणि लाडवांची टोपली. भांडीवाल्याच्या घरचा साखरपुडा! डिकीत अजून दोन घागरी होत्या, त्या वेगळ्याच.

गाडी गेटातून बाहेर पडली आणि मागून आवाज आला. घर्रर्र!

"काय ते?" संगीताबाई.

"शेजारून रिक्षा गेली."

पुढच्या गतिरोधकावर पुन्हा. घर्रर्र! आता जरा लांबलचक.

"ही पण रिक्षाच का?"

"हो!"

"मग ती आत शिरलीय, अहो! माझ्या बुडाखाली वाजतीय!"

"अप्पा, रबर जळाल्याचा वास येतोय," सावनी म्हणाली.

"कारखाना असेल कुठला तरी!"

"विद्यानगरात?" दीपकनं समईआडून विचारलं.

 पुंडलिकरावांनी प्रत्येक गतिरोधक तिरका घ्यायला सुरुवात केली. आधी एक चाक, मग दुसरं, मग तिसरं, अशी गाडी आडवी-तिडवी, पाटावर लाजत चढणाऱ्या नवरीसारखी! मागच्या बसचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून कन्नडमध्ये जे बोलला, ते साखरपुड्याच्या दिवशी लिहिण्यासारखं नाही.

अमरगोळपाशी रस्त्याचं काम निघालं होतं. गाड्या मार्केट यार्डातून वळवल्या होत्या. आणि यार्डाच्या फाटकात एक गतिरोधक होता. गतिरोधक कसला, झोपलेली म्हैस!

"दाजी, आम्ही उतरतो," दीपक म्हणाला.

"बस तिथंच! उतरलास तर लोक म्हणतील टायर घासत होता!"

"घासतोयच की!"

"घासत नाही!"

असं म्हणून त्यांनी गाडी म्हशीवर घातली. पुढची चाकं पलीकडं उतरली, पोट म्हशीवर टेकलं, मागचे टायर मडगार्डात जाऊन रुतले, आणि गाडी थांबली. ना पुढं, ना मागं. मागं धान्याचे ट्रक, टेम्पो, बैलगाडी, सगळ्यांची रांग लागली. हमाल धावत आले. एकानं आत डोकावून भक्कम दीपककडं पाहिलं आणि ओरडला, "इळीरी, इळीरी! खाली उतरा आधी!"

शेवटी सगळे उतरले. समई उतरली, पराती उतरल्या, लाडू उतरले. गाडीनं मागून सुटकेचा निःश्वास सोडला आणि चांगली चार बोटं वर आली. दीपकनं वाकून टायर आणि मडगार्डच्या मधे चार बोटं घातली आणि मोजून दाखवली.  चार बोटं किती बोचू शकतात, ते पुंडलिकरावांना त्या दिवशी कळलं.

टायर सुटले, पण पोट अजून टेकलेलंच. ॲक्सिलरेटर दाबला की मागची चाकं जागच्या जागी भिरभिरत होती. "पकड मिळंना," हमाल म्हणाला आणि त्यानं कडेला पडलेलं एक पोतं ओढून मागच्या चाकांपुढं सारलं. "केर आहे नुसता. आता मारा अण्णा!"

केरच होता. पण मिरचीच्या ठेल्यासमोरचा! तुटकी ब्याडगी, बिया, देठं, आणि कालच्या दिवसभराची लाल भुकटी!

"अप्पा, हळू!" सावनी ओरडली.

पण मागं ट्रकवाले हसत होते. पुंडलिकरावांनी दात-ओठ खाऊन पाय दाबला. आता ती रुंद चाकं! साध्या चाकांनी चिमूटभर उडवली असती. यांनी आख्खं पोतं फाडून आभाळात भिरकावलं. लाल ढग उठला. ब्याडगी रंगाला भारी आणि तिखटाला सौम्य, असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या नाकात ती कधी शर्यतीच्या गाडीनं उडवलेली नसते!

आक्छी! पहिला हमाल शिंकला. मग दीपक. मग संगीताबाई. मग लिलावाचे दलाल, ट्रकवाले, बैल! भाव पुकारणारा माणूस आकडा सांगता सांगता शिंकला, तेव्हा समोरच्यानं तीच बोली समजून मान हलवली. मोतिया पैठणी डाळिंबी झाली. आणि गाडी? गाडी उडी मारून म्हशीपलीकडं गेली.

"बघितलंत?" डोळ्यांतून धारा गाळत पुंडलिकराव ओरडले. "निघाली! बसा सगळे!"

"मी?" संगीताबाईंनी लाल पदरानं नाक पुसलं. "मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही! बैलगाडीनं येईन, पण त्यात नाही!"

सावनी आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. हट्टात ती बापाचीच लेक. तिनं धारवाडकडं निघालेल्या एका रिकाम्या टेम्पोला हात केला.

"ठीक आहे!" पुंडलिकराव गरजले. "मी पुढं होतो! बघू कोण आधी पोचतं ते!"

ते पोचले. धारवाडला, माळमड्डीत, नरगुंदकरांच्या दारात. गाडीत ते एकटेच, म्हणून वाटेत टायर खरोखरच घासला नाही, आणि हे सांगायला एकही माणूस जवळ नाही! दारात होणारे व्याही विठ्ठलराव, विहीणबाई पार्वतीबाई, भटजी आणि सगळा गोतावळा स्वागताला उभा होता. त्यांना दिसलं काय? मुलीचा बाप एकटा, डोळे लालभडक, गालांवरून धारा.

"सावनी कुठंय?" पार्वतीबाईंनी घाबरून विचारलं.

"मागं... आक्छी! मागं राहिली."

"राहिली म्हणजे?"

"उतरली! मधेच! आईपण... आक्छी!"

"पण का?"

"ओझं... झेपलं नाही हो!"

विठ्ठलराव ताठ झाले. "कसलं ओझं? आम्ही एक चमचा तरी मागितलाय का तुमच्याकडं?"

लोकांना गाडीबद्दल आधीच सगळं कळलंय, असं पुंडलिकरावांना वाटलं, आणि अशा वेळीही त्यांचा ताठा गेला नाही. ते छाती काढून म्हणाले, "तिचा काही दोष नाही! चांगली आहे ती! कुणी काही बोललेलं मला खपणार नाही! जरा खाली बसलीय, एवढंच. पूर्वी गोव्यात एका म्हाताऱ्याकडं होती, तेव्हा कशी..."

"गोव्यात? म्हाताऱ्याकडं?" पार्वतीबाई मटकन खुर्चीत बसल्या.

"त्यानं फार जपली. मी आणल्यावर मागून थोडी रुंद..."

"निपाणीकर!" विठ्ठलराव कडाडले.

एवढ्यात कुणीतरी शहाणपणानं संगीताबाईंना फोन लावला. फोन अंगणातच वाजला! मायलेकींचे दोन्ही फोन पर्समध्ये होते आणि पर्स गाडीच्या मागच्या सीटवर. भरल्या अंगणात तो फोन वाजत राहिला, आणि पार्वतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

नवरा मुलगा श्रीवत्स वकील. तो मोटरसायकलची किल्ली घेऊन निघाला आणि फाटकातच थबकला. समोरून टेम्पो येत होता. वर समई घट्ट धरून संगीताबाई, लाडू सांभाळत दीपक, आणि कठड्याला धरून उभी सावनी, नखशिखान्त लाल.

"उशीर झाला," ती उतरत म्हणाली. "आक्छी! अप्पांनी सांगितलं ना सगळं?"

"सांगितलं," श्रीवत्स म्हणाला. "त्यातलं गोव्याचं तेवढं समजलं नाही."

खुलासा व्हायला वेळ लागला नाही, कारण दीपक तिथं होता, आणि त्यानं तो स्प्रिंगपासून सुरू केला. पार्वतीबाई आधी रडल्या, मग इतक्या हसल्या की पुन्हा रडल्या. पण खरी अडचण पुढंच होती. सावनी पाटावर बसली, भटजींनी मंत्राला तोंड उघडलं, आणि...

आक्छी!

भटजींनी तोंड मिटलं. "शुभकार्याच्या आरंभी शिंक! थांबायला हवं."

थांबले. पुन्हा आरंभ. आक्छी! या वेळी संगीताबाई. पुन्हा थांबले. मग दीपक. मग मांडीवर पैठणीचा पदर आला म्हणून भटजी स्वतः! घरातली वडीलधारी मंडळी कुजबुजायला लागली. आज नको, पुढचा दिवस बघू, असा सूर निघाला. सावनीच्या लालबुंद चेहऱ्यावरचा रंग उतरला. पुंडलिकरावांनी मान खाली घातली; त्या दिवसातली पहिलीच वेळ.

तेव्हा सावनी पाटावरून उठली. "हे बघा, या शिंका मिरचीच्या आहेत! नशिबाचा त्यांच्याशी काही संबंध नाही. मी एवढ्या लांब टेम्पोत उभी राहून आलीय, ती परत जायला नाही. श्रीवत्स, हात पुढं कर!"

त्यानं केला. अंगठी अर्धी चढली आणि तोही शिंकला. ती शिंकली. विठ्ठलराव शिंकले, आणि शिंकता शिंकताच म्हणाले, "भटजी, म्हणा आता मंत्र! शिंकत म्हणा, पण म्हणा!"

असा तो साखरपुडा झाला.

निघायच्या वेळी हुबळीची मंडळी थांबवून ठेवलेल्या टेम्पोकडं वळली. पुंडलिकराव गाडीपाशी एकटे उभे होते. पण मान पुन्हा ताठ! तेवढ्यात श्रीवत्स आला, गाडीमागं उकिडवा बसला आणि चाकांकडं निरखून बघत राहिला. पुंडलिकरावांचा ऊर भरून आला. निदान घरात एक तरी जाणकार येतोय!

"काय चाकं बसलीत, अप्पा!" तो म्हणाला. "मडगार्डच्या अगदी कडेशी. ही कंपनीनंच अशी दिली का?"

मागं दीपक कान टवकारून उभा होता. त्याच्यासमोर कबूल करायचं? अशक्य!

"अर्थात!" पुंडलिकराव म्हणाले. "सगळं कंपनीचं! स्प्रिंगासुद्धा!"

"मग सोडू नका!" श्रीवत्स उठून हात झटकत, दीपककडं हळूच डोळा मिचकावत म्हणाला. त्याच्यातला वकील जागा झाला होता. "चार माणसं बसली की टायर घासतो, अशी गाडी विकलीच कशी त्यांनी? उद्याच नोटीस काढतो. मामा इंजिनिअर आहेत, ते साक्ष देतील. गाडी कोर्टात उभी करू, मागं माणसं बसवू आणि सगळ्यांसमोर घासून दाखवू!"

दीपकनं आनंदानं मान डोलावली.

पुंडलिकराव खाकरले. त्यांनी टेम्पोकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं, आणि घाईघाईनं डावीकडचं दार उघडलं.

"नोटीस वगैरे राहू दे, जावईबापू. एक चक्कर मारून येऊ, चला," ते म्हणाले, आणि मग आवाज अगदी खाली आणून, "पण पुढंच बसा हं."